आखाजीच्या घागरी

“पानी बठ्ठासले पुरस,” म्हणत अक्काने पदर खोचला, की समजायचं, वाद संपला. केळीच्या बागेतली पाण्याची पाळी असो की दारात आलेले जास्तीचे पाहुणे, तिचं उत्तर हेच. पाणी सगळ्यांना पुरतं.

तिचं माहेर धुळ्याकडचं, संसार आमच्या यावलजवळच्या गावात. पहिला नवरा माझा जिवलग मित्र. मोटार चालू करताना विजेचा धक्का बसला आणि तो विहिरीवरच गेला. पदरात मुलगी होती. पुढे तिने शेजारच्या शेतातल्या नानांशी लग्न केलं. नानाही विधुर, त्यांना एक मुलगा. दोन शेतं, दोन लेकरं, चूल एक.

त्या लग्नाला मी गेलो नाही. काम होतं म्हणून सांगितलं. खरं तर राग आला होता. मित्राला ती विसरली, असं मी ठरवून टाकलं होतं. हे आजवर कुणापाशी बोललो नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर पुजतो, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो, कुणाला तरी पितर म्हणून जेवू घालतो. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला अक्काने नानांच्या घरात दोन घागरी मांडल्या. एक नानांच्या पहिल्या बायकोची, दुसरी माझ्या मित्राची. नानांची बहीण कुरकुरली, परक्या माणसाची घागर इथे कशाला? अक्काने पदर खोचला. आणि मित्राच्या पाटावर बसायला बोलावणं धाडलं ते मला.

मी अवघडून बसलो. आमरस, भजी, सगळं वाढलं. कुरडईला हात घातला तर तिने परातच मागे ओढली.

“कुर्डाई त्याले आवडे नही, भाऊ.”

“मला आवडते की.”

“तू घर जाईसन खाय. आठे मी त्याले जेवाडस.”

नाना खो खो हसले. मी हात मागे घेतला. या पाटावर ती मला नाही, त्याला जेवू घालत होती.

तेव्हापासून दर आखाजीला मी त्या पाटावर जेवलो, कुरडईवाचून.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. मुलगी लांब सासरी. आता मित्राची घागर कोण मांडणार? नानांच्या मुलाचं त्याच्याशी ना रक्ताचं नातं, ना त्याला तो धड आठवत असणार.

आखाजीच्या सकाळी तोच दारात उभा. “काका, चला. पाट मांडलाय.”

घागरी तीन होत्या. तिसरी नवी, लालबुंद, काठोकाठ भरलेली. तो स्वतः वाढत होता. रस वाढला, भजी वाढली. मग कुरडयांची परात घेऊन आला आणि माझं ताट ओलांडून सरळ नानांकडे गेला.