आत्याची छाटणी

आमच्या आत्याने तेहतीस वर्षं बायकांचे केस कापले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, फिरती खुर्ची आणि आरसे विकून टाकले आणि माझ्या बाबांकडे राहायला आली. आई गेल्यापासून बाबा एकटेच होते. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यावर घरामागच्या आपल्या तुकड्यातही काहीतरी लावावं असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि रास्पबेरीची दीडशे रोपं आणली. रोपांच्या आधी पुस्तक आणलं होतं. त्याच्या समासात त्यांनी पेन्सिलीने इतकं लिहिलं की छापलेलं वाचायला सवड उरली नाही.

पहिल्या वर्षी काठ्या कमरेएवढ्या वाढल्या. शेंड्यांना उशिरा चार फळं धरली, ती पाखरांनी खाल्ली.

"पहिलं वर्ष मुळांचं," बाबा म्हणाले. "खरं पीक याच काठ्यांवर, पुढच्या उन्हाळ्यात."

थंडी सुरू झाली तसे ते दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आले. निघताना त्यांनी आत्याला बजावलं, "बागेवर लक्ष ठेव. हात मात्र लावू नकोस."

"हात लावायचा नाही, तर लक्ष ठेवून काय करू, दादा?"

"बघायचं."

आत्याने पंधरा दिवस बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या वाळक्या, करड्या, वाटेल तशा फाकलेल्या काठ्या दिसत. असल्या अवस्थेतलं डोकं तिने कधी दुकानातून तसंच परत जाऊ दिलं नव्हतं. कापलं की जोमाने वाढतं, असं ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची. ते खोटं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण त्याने बायका खुर्चीत स्वस्थ बसत. सोळाव्या दिवशी तिने बुटकं स्टूल घेतलं, मोठी कात्री घेतली आणि तीन दिवसांत सगळी बाग जमिनीलगत कापून काढली. वर झाडूनही घेतलं.

बाबा परत आल्यावर सरळ मागच्या दारात गेले.

"काठ्या कुठे आहेत?"

"जाळल्या."

त्यानंतर अकरा दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ लागलं तर स्वतः उठून घेत. बाराव्या दिवशी नवी रोपं मागवायला त्यांनी आधीची रोपं दिलेल्या नर्सरीवाल्याला फोन लावला, तोही स्पीकरवर, म्हणजे मटार सोलत बसलेल्या आत्याच्या कानावर पडावं.

"सगळं मुळापासून छाटून टाकलंय हो," बाबा म्हणाले.

"उत्तम केलंत," नर्सरीवाला म्हणाला. "ही उशिराची जात. यंदा फुटलेल्या काठीला यंदाच फळ येतं, पानगळीच्या सुमाराला. जुन्या काठ्या कापायचा लोकांना धीरच होत नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाबा म्हणाले, "वाचनात आलं होतं."

आत्या मटार सोलत राहिली.

नवे कोंब आले, डोक्याएवढे वाढले आणि पानगळीच्या तोंडावर फळांनी वाकले. तीन आठवडे तोडणी चालली असेल नसेल, एका पहाटे कडाक्याची थंडी पडली आणि उरलेलं अर्धं पीक काळं पडलं. बाबांनी मग प्लास्टिकचा बोगदा उभारायचं ठरवलं. वाकवलेल्या पाइपांच्या उंच कमानी, त्यांवर प्लास्टिकचं कापड आणि दोन्ही बाजू गुंडाळून वर घेता येतील अशा. या कामात मात्र त्यांना तोड नव्हती. सगळ्या कमानी एका रेषेत, सूतभरही इकडेतिकडे नाही. खांबावर त्यांनी वेळापत्रकही चिकटवलं: बाजू सकाळी नऊला उघडणे, संध्याकाळी पाचला बंद करणे.

एका सकाळी आठलाच ऊन तापलं. बाबा घड्याळाकडे बघत नऊची वाट पाहत राहिले. तोवर आतल्या फळांचा मुरंबा झाला होता. त्या दिवसापासून वेळापत्रक खांबावर राहिलं, आणि बाजू आत्या आत हात घालून, ऊब बघून उघडू लागली. हवा खेळली, मधमाश्या आत आल्या, आणि आजूबाजूच्या बागा काळ्या पडल्यावरही आमच्याकडे पाच आठवडे तोडणी चालू राहिली.

बागायतदारांच्या सभेत बाबांना बोलायला बोलावलं. आत्या शेवटच्या रांगेत बसली होती. कोणीतरी विचारलं, "पूर्ण छाटणीचा निर्णय तुम्ही कसा घेतलात?"

"दीर्घ निरीक्षणानंतर," बाबा म्हणाले.

ते अगदीच खोटं नव्हतं. पंधरा दिवस निरीक्षण झालंच होतं. घरी येताना आत्या म्हणाली, "छान बोललास." त्यात टोमणा कुठे आहे ते बाबा संध्याकाळभर शोधत राहिले.

तेव्हापासून थंडीत लोक छाटणीसाठी बोलवायला येतात. बाबा समजावून सांगतात. लोक ऐकून घेतात आणि आत्याला घेऊन जातात. गुडघ्यांसाठी दुकान सोडलेली बाई आता दिवसभर बुटक्या स्टुलावर सरकत सरकत दुसऱ्यांच्या बागा कापते. स्टूल बाबा उचलून नेतात.

गेल्या वर्षी बाबांनी बोगद्याच्या आत आणखी एक पातळ कापड लावायचं काढलं. हंगाम अजून पंधरा दिवस लांबला असता.

"लाव," आत्या म्हणाली. "पण ते पंधरा दिवस मी मैत्रिणीकडे असेन. दोन वर्षं हंगाम संपायची वाट बघतेय, आणि तू तो संपूच देत नाहीस."

ती खरंच गेली. पहिल्या सकाळी साडेआठला बाबांचा फोन आला.

"ऊन आहे, पण वारा पण आहे. बाजू किती उघडू?"

"आत हात घालून बघितलंस?"

"नाही."

"मग आधी बघ."

फोनमधून प्लास्टिक फडफडल्याचा आवाज आला. "गरम आहे," बाबा म्हणाले.

"मग उघड."

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी फोन आला नाही. आत्याने साडेनऊपर्यंत वाट पाहिली आणि स्वतःच लावला.

"उघडल्या केव्हाच," बाबा म्हणाले. "तोडणी चालू आहे, दोन्ही हात अडकलेत. दुपारी बोलू."

त्या दिवशी आत्याचं कशातच लक्ष नव्हतं, असं तिच्या मैत्रिणीने मला नंतर सांगितलं.