सिस्टरांनी तोललेला कचरा

सरकारी दवाखान्यात सिस्टरांनी नोकरीभर एकच काम मनापासून केलं, ते म्हणजे लोकांची बाळं काट्यावर ठेवणं. इंजेक्शनं दिली, पट्ट्या बांधल्या, डॉक्टरांच्या चुका डॉक्टरांच्या लक्षात येण्याआधी निस्तरल्या. पण जीव रमला तो काट्यापाशी. बाळाचं वजन नुसतं आकड्यात सांगून त्यांनी कुठल्या आईला कधी घरी पाठवलं नाही. आकडा ऐकून आया एकतर भेदरायच्या, नाहीतर शेजारणीच्या बाळाशी तुलना करून डोळे पुसायच्या. म्हणून सिस्टर बाळाची मांडी चिमटीत धरायच्या आणि म्हणायच्या, "मागच्या खेपेला ही वळी नव्हती. बाळ अंग धरतंय." आईला तेवढं पुरायचं.

निवृत्तीनंतर हात रिकामे झाले. बाजारात कलिंगड नुसतं उचलून त्या फळवाल्याला त्याचा काटा कितीनं खोटा आहे ते सांगू लागल्या, तेव्हा मिस्टरांनी धसका घेतला. मिस्टर म्हणजे त्यांचे यजमान. 'सिस्टरचे मिस्टर' असं वसाहतीत कोणीतरी एकदा म्हणालं, आणि त्यांचं खरं नाव त्यानंतर फक्त वीजबिलावर उरलं.

अशात वसाहतीत कचरा वेगळा करायची टूम निघाली. सायकलींच्या शेडमध्ये कागद, काच, प्लास्टिक आणि पत्रा यांची पिंपं मांडली गेली. हे सगळं तोलणार कोण, असा प्रश्न आल्यावर मिस्टरांनीच घाईघाईनं बायकोचं नाव सुचवलं. फळवाला सुटला.

वसाहतीचे अध्यक्ष कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. टनाखाली बोलायची त्यांना सवय नव्हती. सिस्टरांनी दिलेली वजनं त्यांनी कुठल्याशा कोष्टकात घातली आणि जिन्याखालच्या फलकावर लिहिलं, की आपण या महिन्यात अमुक इतके टन कर्बवायू वाचवला. लोक फलकापुढे थांबायचे, मान डोलवायचे आणि जिना चढायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी मात्र सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, की हा वाचवलेला वायू ठेवलाय कुठे, आणि त्याचा काही धोका तर नाही ना.

सिस्टर हसल्या नाहीत. दवाखान्यात त्यांनी यापेक्षा अवघड प्रश्न ऐकले होते. त्यांनी मावशींना समजावलं, की तो वायू झालाच नाही, म्हणून वाचला म्हणायचं. जुना पत्रा वितळवून डबा करायला लागतं त्यापेक्षा खाणीतल्या दगडापासून करायला कितीतरी जास्त इंधन जाळावं लागतं. मावशींचा जीव भांड्यात पडला. मग सिस्टरांनी फडकं घेऊन अध्यक्षांचे टन पुसले आणि लिहिलं, "पूर्वी कचऱ्याची गाडी रोज पहाटे येऊन सगळ्यांना उठवायची. आता दिवसाआड येते. जे गावाबाहेरच्या कचऱ्याच्या धुमसत्या ढिगावर जायचं, त्यातलं बरंच आता पुन्हा वापरात जातं." त्या दिवशी लोक फलकापुढे थांबून एकमेकांशी बोलले. ज्यांना हवेचं काही पडलं नव्हतं, त्यांनाही झोप प्यारी होती.

टन पुसले गेल्याचं अध्यक्षांना लागलं, पण ते हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पुढची इमारत विरुद्ध मागची इमारत अशी स्पर्धा लावून दिली. जिची पिंपं जड, ती जिंकली. झालं, लोकांच्या अंगात आलं. मागच्या इमारतीतलं एक कुटुंब नळाचं पाणी सोडून विकतच्या बाटल्यांचं पाणी प्यायला लागलं, का तर बाटल्या तोलल्या जातात. पुढच्या इमारतीत सिस्टर राहत. तिथला कागद तर बघता बघता दुपटीवर गेला. अध्यक्षांनी तो आकडा तडक नगरपालिकेला कळवून टाकला. सिस्टरही मोहरून गेल्या. काट्यावरचं बाळ इतकं भराभर वाढताना पाहून कोणाला बरं वाटणार नाही?

पण मग त्यांना चैन पडेना. इतका कागद बाजूला निघतोय, तर गाडीत जाणाऱ्या उरलेल्या कचऱ्याचं पिंप हलकं व्हायला हवं होतं. ते होतं तसंच होतं. दवाखान्यात असल्या आया त्यांनी पाहिल्या होत्या. सिस्टर रागावतील या भीतीनं बाळाला स्वेटरावर स्वेटर चढवून काट्यावर ठेवायच्या. सिस्टरांनी शेडचं दार लोटलं आणि गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडल्या.

आत वर्तमानपत्रं होती. पण इतक्या तऱ्हेचे पेपर पुढच्या इमारतीत कोणी घेत नव्हतं. आणि बहुतेकांतलं शब्दकोडं सोडवलेलं होतं. जिथे शब्द मावला नव्हता, तिथे सोडवणाऱ्यानं पेन्सिलीनं शेजारी एक चौकोन जास्तीचा काढला होता. अशी कोडी सोडवणारा माणूस जगात एकच होता, आणि लग्न झाल्यापासून तो सिस्टरांसमोर बसून चहा पीत होता.

संध्याकाळी त्याच चहावर सिस्टरांनी एक पेपर कोड्याची बाजू वर करून टेबलावर ठेवला. मिस्टरांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. ते रोज दुपारी वाचनालयात जाऊन बसत. तिथली साठलेली रद्दी मागून घेऊन स्कूटरवरून थोडी थोडी आणत होते.

"तू तोलतेस आणि तुझीच इमारत हरते, हे मला बघवलं नसतं," ते म्हणाले.

सिस्टर रागावायला म्हणून बसल्या होत्या. तो राग आता कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. तरी त्यांनी विचारलं, "वाचनालय एरवी त्या रद्दीचं काय करतं?"

"रद्दीवाल्याला देतं. तो गिरणीला देतो, गिरणी नवा कागद करते." मिस्टरांनी कप बशीत ठेवला. "म्हणजे ती तशीही जातच होती."

"मग आपण वाचवलं काय?"

मिस्टरांनी कपात पाहिलं. "उलट स्कूटरचं पेट्रोल जाळलं," ते पुटपुटले.

पुढच्याच बैठकीत सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की पुढच्या इमारतीचा आकडा खोटा आहे, आणि खोट आपल्याच घरची आहे. मिस्टर पहिल्या रांगेत बसले होते. मागची अख्खी इमारत मान उंचावून त्यांच्याकडे पाहू लागली. अध्यक्षांचा चेहरा उतरला. कळवलेला आकडा मागे घ्यायचा म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापायचं. आकडा लहान दिसला तर लोकांचा उत्साह मावळेल, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

"मावळला तर मावळू दे," सिस्टर म्हणाल्या. "फुगवलेला आकडा उघडा पडला, की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि आपण भलतीच पिंपं तोलतोय. जास्त बाटल्या आणायच्या आणि जास्त बाटल्या टाकायच्या, यात फायदा कसला? ढिगावर जायला काय उरतं ते तोला."

बाटल्यांच्या कुटुंबानं नेमक्या त्याच वेळी फरशीची डिझाईन पाहायला घेतली.

स्पर्धा मोडीत निघाली. दोन्ही इमारतींचा उरलेला कचरा एकत्र तोलायचा ठरला. पहिल्या खेपेला वजन उतरलेलं पाहून सिस्टरांनी घाबरून तेच पिंप पुन्हा तोललं. जन्मभर उतरलेल्या वजनावर त्यांनी डॉक्टरांना हाका मारल्या होत्या. ही चांगली बातमी आहे, असं मिस्टरांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. अध्यक्षांनी मन घट्ट करून नगरपालिकेला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. नगरपालिकेनं दोन्ही आकड्यांबद्दल अगदी सारख्याच शब्दांत आभार मानले.

काही महिन्यांनी जवळच्या एका वसाहतीतल्या बायका शेड पाहायला आल्या. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या बाईंनी वही उघडून विचारलं, की तुमचे किती टन वाचतात. अध्यक्ष घसा खाकरून पुढे सरसावले. सिस्टरांनी त्यांना खुणेनं थांबवलं आणि दोन बादल्या पुढे केल्या. एका घरातून पूर्वी रोज ढिगावर जायचं तेवढ्या वजनाची माती लाल बादलीत होती. आता जातं तेवढ्या वजनाची निळीत.

"उचलून बघा," त्या म्हणाल्या.

लाल बादली उचलताना बाई एका बाजूला कलल्या. तेवढाच जोर लावून निळी उचलली, तर ती थेट गुडघ्याच्या वर आली आणि थोडी माती त्यांच्या चपलेवर सांडली. बाईंनी वही मिटून पिशवीत टाकली. आमच्या बैठकीसाठी या बादल्या मिळतील का, असं त्यांनी विचारलं.

"खुशाल न्या," सिस्टर म्हणाल्या. "लाल तेवढी लवकर परत करा. आमच्या घरी फरशी पुसायला दुसरी नाही."