डबा घरून येईल

सोमवारी सकाळी त्याच्या आईनं माझ्याकडे मुलगा दिला आणि मागोमाग एक पिशवी. पिशवीत डबा, स्टीलचं ताट, वाटी, चमचा, पेला. म्हणाली, "आजपासून तो यातच जेवेल. तुमची भांडी वापरू नका, प्लीज."

नोएडातल्या माझ्या दोन खोल्यांत मी पाच मुलं सांभाळते. आमच्या कामात दर वयावर ठरतो. सहा महिन्यांचं बाळ सगळ्यात महाग. लंगोट, बाटली, दिवसभर कडेवर. चालायला लागलं की दर उतरतो. शी-शू सांगायला लागलं की आणखी उतरतो.

हा आला तेव्हा सात महिन्यांचा होता. आई मराठी, मोठ्या कंपनीत नोकरीला. रोज दारातूनच बाळ द्यायची, खाली कॅब थांबलेली असायची. त्याची शी मी धुतली. उलटी माझ्या ओढणीनं पुसली. पहिला वरणभात माझ्या बोटांनी त्याच्या तोंडात गेला. तेव्हा माझ्या हातांचा कुणाला विटाळ नव्हता.

अडीच वर्षांचा झाला. मग त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी ती दराचं बोलायला पहिल्यांदा आत येऊन बसली.

"ताई, आता तो सगळं सांगतो. रेट कमी व्हायला हवा ना?"

"होणारच," मी म्हणाले.

तिची नजर भिंतीवर गेली. निळ्या कोटातल्या फोटोवर. तिथंच थांबली. उठता उठता म्हणाली, "आणि जेवणाचेही वजा करा. डबा घरून येईल."

मी स्वतःची समजूत घातली. सासूचं काही पथ्य असेल. चार पैसे वाचवत असेल. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आणि सोमवारी ती पिशवी आली.

दुपारी मुलं जेवायला बसली. त्यानं सवयीनं माझ्या भाताकडे हात नेला. मागे घेतला. म्हणाला, "मम्मा बोली, मावशी का गंदा."

अंगाचा तिळपापड झाला. राग त्याच्यावर नव्हता. त्याला त्याच्याच डब्यातलं भरवलं. माझ्याच हातानं.

संध्याकाळी ती आली. मी दारातच सांगितलं, "वयाचा दर कमी करते. वेगळं ताट ठेवणार नाही. इथं राहील तो इथलं जेवेल."

"तुम्ही भलताच अर्थ काढताय, ताई. आम्ही तसलं काही मानत नाही, बिल्कुल नाही."

"मग आत या. चार घास खाऊन जा."

"कॅब थांबलीय."

"तर याला घेऊन जा. उद्यापासून आणू नका."

लिफ्टचं दार लागेपर्यंत तो हात पसरून "मावशी, मावशी" करत होता. मी आत येऊन ढसाढसा रडले. पण तिला फोन केला नाही.

आता कुणी बाळ घेऊन आलं की मी आधी आत बसवते. पेलाभर पाणी देते आणि बघत राहते. एखाद्याला खरंच तहान नसेल. नसू दे. पाणी पिईपर्यंत मी दर सांगत नाही.