पटावरची दोन जास्तीची वर्षं

मास्तरकीत जन्म गेला, त्यामुळे हुशार पोर ओळखायला मला वेळ लागत नाही अशी एक घमेंड माझ्यात होती. अजूनही थोडी शिल्लक आहे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आणि ते दिसतातच. पुढे ते पाय कुठल्या वाटेला लागतात हे मास्तराच्या हातात नसतं, अशी सबब मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. एका मुलाच्या बाबतीत मात्र ते सगळं माझ्याच हातात होतं. ते आज लिहून टाकतो.

पुण्याला ट्रेनिंगची परीक्षा देऊन मी माजिवड्याच्या शाळेवर आलो तेव्हा मला नुकतंच बाविसावं सरलं होतं. शाळा म्हणजे देवळामागची धर्मशाळा. एक खोली, एक ओसरी आणि एक मास्तर. पटावर चाळीस पोरं, बसायला वीस. गाव शेतीचं आणि मिठागरांचं. पावसाळ्यात भात, दिवाळीनंतर मीठ. मीठ धरायला लागलं की मोठी पोरं आईबापांबरोबर खाडीवर जायची आणि मी चार शेंबड्या पोरांना घेऊन ओसरीवर पाढे म्हणत बसायचो. मला भारी राग यायचा. एकदा मी भर रस्त्यात उभा राहून ओरडलो होतो की तुम्हांला पोरांच्या हातात लेखणी नको, फावडंच हवं. एक म्हातारी म्हणाली, "फावरा जेवाला घालतो, मास्तर." यावर ट्रेनिंग कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं.

मूल शाळेत घालायचं ते दसऱ्याला, पाटीपूजनाच्या दिवशी. जन्माची तारीख कुणालाच ठाऊक नसे. म्हणून वय ठरवायची रीत अशी होती: पोराने उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं झालं. सहाच्या आतलं पोर पटावर घ्यायचं नाही, असा खात्याचा नियम होता. मग मास्तराने एकवार पोराकडे बघायचं, अंदाजाने सहा, सात, आठ असा आकडा लिहायचा, की जन्मभर तेच त्याचं वय.

माझ्या दुसऱ्या दसऱ्याला मिठागरावरचा एक गडी थोरल्या मुलाला घेऊन आला. धाकटा त्याच्या धोतराला धरून उभा होता. थोरल्याचा हात कानाला सहज लागला. त्याला मी सहज विचारलं, "एका रांगेत मिठाच्या सात पाट्या, अशा चार रांगा. एकूण किती?" तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला. धोतरामागून आवाज आला, "अठ्ठावीस."

मी त्या धाकट्याला पुढे ओढलं. नऊ रांगा विचारल्या, बारा विचारल्या. बारातून दोन रांगा पावसाने नेल्या तर किती, तेही विचारलं. तो बोटंही न मोजता सांगत होता. बाप ओशाळून म्हणाला, "यो दिसभर वाफं मोजतं बसतं. जरा येराच हाय."

येरा म्हणजे वेडा; त्या दिवशी मीच हर्षाने वेडा झालो, दुसरा शब्द नाही. एवढ्या पोरांत असं पोर मला तोवर भेटलं नव्हतं. पण त्याचा हात काही कानाला पोचेना. चार बोटं कमी पडत होती. मी त्याची मान वाकवली, कोपर ओढलं, तरी पोचेना. "मान मोराल, मास्तर," बाप हसला. कधी झाला विचारलं तर म्हणाला, "अवकाळीनं समदा मीठ इतळून गेला ना, त्या साली." तो पाऊस गावात सगळ्यांच्या लक्षात होता. त्याला पाच वर्षं झाली होती.

मी सात लिहिले. सहा लिहूनही भागलं असतं. पण त्याला एकदम दुसऱ्या इयत्तेत बसवायची मला घाई झाली होती, आणि सहा वर्षांचं पोर दुसरीत कसं, असं कुणी विचारू नये म्हणून मी आणखी एक वर्ष चढवलं. शाई काय, सहाला लागते तेवढीच साताला. या हुशारीबद्दल मी स्वतःवर खूष होतो.

पुढची सहा वर्षं ही माझ्या नोकरीतली सर्वांत सुखाची. थोरला भाऊ दोन वर्षांत फावड्याला लागला. धाकटा राहिला, कारण त्याच्यासाठी मी दर दिवाळीनंतर त्याच्या बापाच्या दारात जाऊन बसायचो. पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्याने एका पावसाळ्यात संपवले. त्रैराशिक मी शिकवलं, पंचराशिक त्याचं त्याने काढलं. मी माझी पुण्याची गणिताची वही त्याला दिली, तर महिन्याभराने त्याने तीत माझ्याच दोन चुका दाखवल्या. मी त्याला चापट मारली, आणि घरी जाऊन बायकोला कौतुकाने ती हकिगत सांगितली. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. खालच्या दोन इयत्ता त्याच्यावर सोपवून मी दुपारी निवांत तंबाखू मळत असे. हुशार मुलाचा असाही उपयोग होतो.

सहाव्या वर्षी खात्याचा हुकूम आला. तालुक्यातल्या मराठी शाळांतून हुशार मुलं निवडायची, डिपुटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, त्यांची परीक्षा घेणार आणि प्रत्येक टापूतून एकाला ठाण्याच्या इंग्रजी शाळेसाठी स्कॉलर्शिप मिळणार. हुकूम मी ओसरीवर उभ्या उभ्याच वाचायला लागलो. शेवटच्या ओळीशी थांबलो. मुलाचं वय बारापेक्षा जास्त नसावं. तो होता अकराचा. पटावर तेरा.

पट खरवडणं शक्य नव्हतं. दर वर्षी डिपुटीची त्यावर सही होत होती, नकला वर गेल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, पोराचं गणित एकदा साहेबांनी पाहिलं की वय कोण बघतो? आणि त्याचं नाव पाठवून दिलं. त्याच्या बापाला सांगितलं, पोरगा ठाण्याला जाणार. बापाने मिठागरावर सगळ्यांना सांगितलं. आईने त्याच्यासाठी नवा सदरा शिवून घेतला.

डिपुटी थंडीत घोड्यावरून आले. तलाठ्याचा मुलगाही परीक्षेला होता. पोरगा चांगला, अभ्यासू, घोकून केलेलं बिनचूक सांगणारा. त्याच्यामागून आमचा उभा राहिला. डिपुटींनी पाटीवर एक उदाहरण घातलं, मग दुसरं, मग पाटी बाजूला ठेवून तोंडीच विचारायला लागले. अर्धा तास गेला. शेवटी ते पागोटं काढून मांडीवर ठेवून म्हणाले, "मास्तर, असा मुलगा मी या जिल्ह्यात पाहिला नाही."

मग त्यांनी पट उघडला.

"तेरा?" त्यांनी पोराकडे पाहिलं. "हा तेरा वर्षांचा दिसत नाही. मास्तर, नोंद तुमच्याच हातची आहे ना? चूक झाली असेल तर आत्ता सांगा. मी तसं लिहून वर पाठवतो."

त्या माणसाने दार सताड उघडून धरलं होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण खोटी नोंद केली म्हणून शेजारच्या गावचा मास्तर आदल्याच वर्षी घरी बसलेला मी पाहिला होता. बायकोला सातवा महिना होता. समोर पाटील आणि तलाठी बसले होते. मी म्हणालो, "नोंद बरोबर आहे, रावसाहेब."

डिपुटींचं समाधान झालं नाही. त्यांनी मुलालाच विचारलं, "काय रे बाळ, तुझं वय काय?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तेरा."

मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, पटावरचं वय मुलांना पाठ असतं, तेच त्याने सांगितलं. डिपुटींनी एक सुस्कारा टाकला आणि तलाठ्याच्या मुलाचं नाव लिहिलं. जाताना शाळेच्या शेरेबुकात माझी मनापासून स्तुती लिहिली. तिच्या जोरावर उन्हाळ्यानंतर माझी ठाण्याला बदली झाली, पगारही चढला. टेंभी नाक्याजवळ मी बिऱ्हाड केलं.

निघण्याआधी बाप येऊन भेटला. "काय झाला, मास्तर?"

"वय बसलं नाही."

"कमी परला?"

"जास्त झालं."

"आमाला वयातला काय कलतं," तो म्हणाला. "तुमी लिवला म्हंजे असंल." मला त्याच्याकडे बघवलं नाही. मी ट्रंकेची दोरी बांधत राहिलो.

त्यानंतर मी ठाण्यात बारा वर्षं मुलं निवडली. कुठलं पोर वरच्या वर्गात घालावं, कुणाचं नाव स्कॉलर्शिपला पाठवावं, हे मला विचारलं जायचं. माझी नजर पारखी, असं सगळे म्हणत. माजिवडा तासाभराच्या वाटेवर होता. तिकडे मी एकदाही गेलो नाही.

मग एका सकाळी ठाण्याच्या बंदरावर पाहुण्याला पोचवायला गेलो होतो. होडीत मीठ भरत होते. डोक्यावर पाटी घेतलेला एक गडी माझ्यासमोर थांबला, पाटी खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला. पायांना खाऱ्या पाण्याच्या भेगा पडल्या होत्या, त्यांतून लाल मांस दिसत होतं. डोळे मिठाच्या चकाकीने कायमचे बारीक झाले होते. त्या डोळ्यांवरूनच मी त्याला ओळखला. वय तेविसाचं, दिसत होता चाळिशीचा.

मला राहवलं नाही. भर बंदरावर मी बोलून गेलो, "त्या दिवशी चूक माझी होती. तुझं वय मी खोटं लिहिलं होतं."

"मना म्हायत हाय," तो म्हणाला. "बाबा सांगायचा ना, अवकाळीची साल. मी तवाच मनात मोजला. अकराच येत व्हता."

"मग तू तेरा का सांगितलंस?"

"तुमी तेरा बोललाव. मी अकरा बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती. घरात बाई पोटुशी व्हती." मग म्हणाला, "मी तुमच्याकरं बघत व्हतो. मना वाटला, तुमी बोलाल. सायेब घोऱ्यावर बसंस्तवर वाटला."

मुकादमाने हाक मारली. त्याने पाटी डोक्यावर घेतली आणि फळीवरून होडीत गेला.