धान्याच्या गाड्यांचा नियम

पहाटे चारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. खोक्यांच्या कारखान्यात पंचिंग मशीनवर सातला उभं राहावं लागे. त्याआधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो लढाया मांडून बसायचा. पुठ्ठ्याचा पट, त्यावर षट्कोनी घरं. दोन राज्यं, मधून नदी, नदीवर एकच पूल, काठाने तीन किल्ले. लाकडी ठोकळे म्हणजे घोडदळ, पायदळ, तिरंदाज आणि धान्याच्या गाड्या. तोफा निघायच्या आधीच्या काळातली लढाई. तेव्हा राजे तलवारीपेक्षा पोटाने हरायचे, असं त्याचं ठाम मत होतं, आणि सगळा खेळ त्याने त्याच मतावर रचला होता.

पट हाताने कापलेला. जाड पुठ्ठा एका दमात कापायचा नसतो. पट्टी दाबून धरायची, सुरी हलक्या हाताने तीनदा फिरवायची, तेव्हा कड फुगत नाही. ठोकळे घासण्यात त्याचे कित्येक रविवार गेले होते. कारखान्यात सगळे त्याला सेनापती म्हणत. चेष्टेतून सुरू झालं आणि नावच पडलं.

मालकाने त्याला शब्द दिला होता. "मंदीत मशीन रिकामंच असतं. तेव्हा काढ तुझा खेळ. कागद तुझा, डाय तुझी." डाय म्हणजे पुठ्ठा कापायचा पोलादी साचा; तो काही फुकट बनत नाही. त्यासाठी तो ओव्हरटाइमचा पैसा बाजूला टाकत होता. छापण्याआधीची अट मात्र त्याची स्वतःची होती. नियमांचा कागद वाचून, रचणाऱ्याला एक शब्द न विचारता, कुणालाही खेळता आलं पाहिजे. खेळणारा चुकला तर चूक नियमाची.

खेळून बघायला माणूस घरातच होतं. बायको शिवणकाम करायची. नुसतं कापड बघून माप सांगणारी बाई. संध्याकाळी हातातलं काम बाजूला सारून ती समोर बसे आणि नवऱ्याच्या नाकी नऊ आणी. हिवाळा लागला की परमुलखातल्या सैन्याला धान्याच्या गाड्या पोचल्याच पाहिजेत, वाट तुटली की सैन्य झडतं, असा नियम होता. ती लढायचीच नाही. तो घोडदळ घेऊन किल्ल्याला भिडला की मागच्या मागे पूल अडवायची.

"अहो, तुमच्या राजाला म्हणावं जेवायला घरी जा."

"हा रडीचा डाव झाला."

"नियम कुणी केला? मी?"

मग एका संध्याकाळी तिने गाडी सरळ नदीतून पलीकडे नेली.

"अगं, तिथं पूल कुठाय?"

"पुलावरूनच न्यायची, असं कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं होतं. पण त्याने कागद पुन्हा वाचला तेव्हा ते वाक्य त्याला लांबलचक वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने ते तोडून सुटसुटीत केलं. पुढे ती हिवाळा विसरू लागली, तेव्हा त्याने पटाच्या कडेला हिवाळ्याची पांढरी पट्टी रंगवली. पिवळे ठोकळे कुणाचे आणि तपकिरी कुणाचे यात तिचा घोळ होऊ लागला. त्याने सगळे ठोकळे पुन्हा घासले आणि लाल-काळे रंगवले, दोन-दोन हात देऊन. पाळी कुणाची हे तिला विचारावं लागायला लागलं, म्हणून त्याने एक लाकडी झेंडा केला. ज्याची पाळी त्याच्यापुढे झेंडा.

तिला तो कधी टाकून बोलला नाही. चूक झाली की मनात टिपायची आणि पहाटे उठून खेळ सुधारायचा. शिवणात तिने एकाच्या सदऱ्याची बाही उलटी लावली, तेव्हा "डोळे गेले माझे" म्हणून ती हसली, तोही हसला. कात्री ताटांच्या फळीवर सापडली ती त्याने उचलून जागेवर ठेवली. त्याचं सगळं ध्यान पटावर होतं.

तरी चुका थांबेनात. मग खेळातून नदी गेली. नंतर हिवाळा गेला. शेवटी धान्याच्या गाड्याही गेल्या, आणि खेळ इतका सोपा झाला की त्याचं त्यालाच वाटलं, आता कोण चुकतंय बघू. तो पट त्याने कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत फोरमन आणि फोर्कलिफ्टवाला समोरासमोर बसले. बघता बघता खेळ संपला.

"सेनापती, रागावू नकोस," फोरमन म्हणाला, "पण हे पोरांचं खेळणं झालं रे. यात डोकं कुठं लावायचं?"

त्याच्या वर्मी लागलं. मालकाला दाखवायला कधीतरी आणलेला पहिला पट लॉकरमध्ये पडून होता, पहिल्या कच्च्या ठोकळ्यांसकट आणि लांबलचक वाक्यांच्या मूळ कागदासकट. तो काढून त्याने दोघांपुढे आदळला. "हा खेळून दाखवा. मी बोलणार नाही."

फोर्कलिफ्टवाल्याने कागद मोठ्याने वाचला. मग दोघं खेळू लागले. गाड्या पुलावरून गेल्या. हिवाळा लागला तेव्हा दोघांनीही न सांगता धान्य मोजलं. पुढच्या दिवशीच्या सुट्टीत डाव रंगला आणि फोर्कलिफ्टवाल्याने पूल अडवला.

"अरे चोरा! उपाशी मारतोस होय मला?" फोरमन ओरडला. भोवती जमलेली माणसं खो खो हसली.

एकही चूक झाली नव्हती. सेनापती खोक्यांच्या थप्पीवर बसला.

"चेहरा का पाडलास? चालला की तुझा खेळ!" फोरमन म्हणाला.

नियमात कधीच काही बिघडलं नव्हतं.

त्याने त्याच आठवड्यात खाडा करून तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तिला साधे प्रश्न विचारले. काहींची उत्तरं तिने दिली, काहींच्या वेळी नवऱ्याकडे बघितलं. हा विसराळूपणा वाढतच जाणार, मागे फिरणार नाही, असं डॉक्टरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

परत येताना दोघं रस्त्यालगतच्या बाकावर टेकली. तिला त्या दिवशी सगळं लख्ख होतं.

"तुम्हाला आधीच कळलं होतं, नाही का?"

त्याने डॉक्टरची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"मला भीती वाटायची. कुणाला सांगायचं? पण तुम्ही रोज माझ्यासाठी काहीतरी सोपं करून ठेवायचा. नदी काढलीत, रंग बदललेत. म्हटलं, यांना कळलंय, पण बोलत नाहीत. मग मीही नाही बोलले. त्या झेंड्याचा फार आधार वाटला हो मला."

मला काय कळतंय कप्पाळ, मी खेळ दुरुस्त करत होतो, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"हो," तो म्हणाला. "कळलं होतं."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात त्याला जड झाला, पण त्याने काढून घेतला नाही.

मंदी आली. मालक स्वतः मशीनपाशी आला. "सेनापती, मोकळं आहे बघ. काढ आता."

"राहू द्या, मालक."

"का रे? पैसे कमी पडले?"

"पडले."

तिला एकटीला घरी ठेवण्यासारखं आता उरलं नव्हतं. दिवसभर सांभाळायला त्याने एक बाई ठेवली. पहिल्या दिवशी टेबलावरचा पट बघून बाई दचकली. "दादा, मला ते लढाईचं काही समजत नाही हं. आधीच सांगते."

"समजायला नको. ती ठोकळे हलवेल, तू समोर बस. पाळी कुणाची विचारलं तर तिचीच म्हण."

"आणि जिंकलं कोण विचारलं तर?"

"तीच."

कागद घेतला नाही. डाय केली नाही. साठवलेलं सगळं त्या बाईच्या पगारात गेलं, आणि ते संपल्यावर तो पुन्हा ओव्हरटाइमला उभा राहू लागला, कारण बाईचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो.