दंडावरचा जास्तीचा व्रण

मी मावशीला एकदा उगाच कापलं होतं.

पवनारची सुशीलामावशी. माझी पेशंट. आज सकाळी गेली.

तेव्हा मी स्किनच्या रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला होते. मावशीच्या अंगभर पाण्याचे फोड. गावात सगळ्यांनी नागीण ठरवून गेरूही लावून झाला होता.

आम्हाला दोन आजारांचा संशय होता. पेम्फिगस की पेम्फिगॉइड? दोन्हींत शरीर आपल्याच कातडीवर उठतं. पण धोका वेगळा, औषधांचा जोर वेगळा. नाव चुकलं तर मावशीचं काही खरं नव्हतं.

दंडावरून दोन तुकडे घेतले. फोडाचा फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा. शेजारच्या चांगल्या कातडीचा सलाइनमध्ये, कारण त्याची चमकत्या रंगाने तपासणी करायची असते, ती फॉर्मेलिनने वाया जाते.

मी दोन्ही फॉर्मेलिनमध्ये टाकले. सवयीने!

लॅबचे सर बाटली हुंगून म्हणाले, "मॅडम, लोणचं घातलं का?"

सीनियर म्हणाला, "रिपोर्ट क्लिअर नाही म्हण, परत घे."

तेच म्हणायला गेले होते. पण मावशीने माझ्याकडे पाहिलं अन् तोंडातून खरं तेच निघालं. "मावशी, तुकडा माझ्या चुकीने खराब झाला."

मुलगा भडकला. "तुमचं शिकनं अन् आमच्या मायचं कातडं?"

"तू गप रे! पोरगी सांगून तरी राह्यली. नसतं सांगतलं तं तुले काय समजलं असतं?"

मग मावशीने दंड माझ्यापुढे केला. "काप बाई. पण आता नीट ठेवजो."

या वेळी बाटली मी स्वतः लॅबमध्ये नेली. मायक्रोस्कोपखाली वरच्या थराच्या बुडाशी एक हिरवी रेघ चमकली. पेम्फिगॉइड! पेम्फिगस असता तर जाळी दिसली असती.

"म्हंजे माह्या कातडीले हिरवा काठ हाय म्हन की!" मावशी खूश.

फोड गेले. मावशी फॉलोअपला येत राहिली. दर वेळी नव्या डॉक्टरांना दंडावरचा व्रण दाखवायची. "हे आमच्या डॉक्टरीणबाईच्या चुकीचं. पण लपवलं नाई तिनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज पवनारला गेले. तोच मुलगा दारात उभा होता. "माय म्हने, मॅडमले कळवजो." अन् त्याने मला आत नेलं.

पांघरुणावरूनच मावशीच्या दंडावर हात ठेवला.

मावशी, त्या दिवशी तू मला हाकललं असतंस, तर पुढच्या वेळी मी खोटं बोलले असते. अन् मग बोलतच राहिले असते.

तुझ्या डॉक्टरीणबाईचा शेवटचा नमस्कार.