अमावास्या टाळली म्हणून

हुबळीत पुन्हा प्लेगचे उंदीर पडू लागल्याचं अक्कानं कळवलं आणि त्याच संध्याकाळी मी पुण्याहून गाडी धरली. आई गेल्यावर मला अक्कानंच वाढवलं. तिचे यजमान वारल्यापासून ती तिकडे एकटी असते. या खेपेला तिला घेऊनच परतायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

सकाळी धारवाड मागे पडलं, मग हुबळी आली. या दिवसांत जाणाऱ्यांनी प्लेगची लस टोचून घ्यावी. दंड दोन दिवस ठणकतो, इतकंच. दुर्गदबैलाच्या बाजारात निम्मी दुकानं बंद होती. टांगेवाल्यानं चार आण्यांत गावाबाहेरच्या माळावर सोडलं. प्लेग आला की अख्खी गल्ली इथे झोपड्या घालून राहते. रडारड दिसेल असं वाटलं होतं; बायका गप्पा मारत भाकऱ्या थापत होत्या.

अक्कानं शेंगांची चटणी वाढली. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"उंदीर पडला की घर सोडायचं, टोचून घ्यायचं. ठाऊक असलेल्याची कसली भीती? तुमच्या पुण्यात दारं लावून बसता. मेलेलं शेजाऱ्याला कळायचं नाही. त्याची वाटते."

मी खूप विनवलं. दिवेलागणीला ती म्हणाली, "बरं, उद्याच निघू."

"उद्या अमावास्या आहे."

"मग? इकडे अमाशी चांगली मानतात."

"परवा जाऊ. गाडीला गर्दी कमी असेल." कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो.

शेजारची बसव्वा हसली. "प्लेगात आला, आणि अमाशीला भितो की वो तुमचा भाऊ."

दुसऱ्या दिवशी माळावर सणच होता. झोपड्या-झोपड्यांतून पुरणाच्या होळिग्या झाल्या, सगळे एका पंगतीत जेवले. अक्का वाढत होती; प्रत्येक जण तिला थांबवून काही ना काही बोलत होता. संध्याकाळी तिनं बांधलेली वळकटी सोडली.

"नाही रे जमणार मला," म्हणाली. स्टेशनवर पोचवायला मात्र आली.

पुण्यात बायकोनं उन्हाची खोली रिकामी करून ठेवली होती. "अक्का कुठायत?"

"मन बदललं तिचं," मी सांगितलं. ते बदलायला दिवस कुणी दिला, हे सांगवलं नाही.

अक्काची पत्रं येतात. माळ उठला, ती घरी परतली, खुशाल आहे. दर उत्तरात मी लिहितो, ये. दिवस तू ठरव, असंही लिहितो.